पंचवीस वर्षांचा ताईत

"फूऽऽ!" तोलोमुशने बॅटरीच्या पेटीवर फुंकर मारली, खटका वर केला आणि बात्माच्या अंगणातला दिवा लागला. तिन्हीसांजेला जमलेल्या पन्नास-साठ माणसांनी तोंडावरून हात फिरवत "ओमिन!" म्हटलं. एका म्हातारीने तर पेटीला हात लावून तो डोळ्यांना लावला.

"पाहिलंत? बॅटरी मेली, मेली म्हणून ओरडत होतात ना?" तोलोमुशचा आवाज चढला. "मेली नव्हती, दृष्ट लागली होती! अहो, सूर्य कधी बिघडतो का? मग त्याची वीज कशी बिघडेल? पंचवीस वर्षं, माझा शब्द आहे! फक्त ताईत उघडू नका. उघडलात की सूर्याने घराकडे पाठ फिरवलीच समजा."

दोन वर्षांपूर्वी याच गृहस्थाने आमच्या किझिल-दोबो गावातल्या तेहतीस छपरांवर सोलर पॅनेल चढवली होती. प्रत्येक घराला एक तीनकोनी चामडी ताईत, आम्ही त्याला तुमार म्हणतो. "आत पंचवीस वर्षांची हमी शिवलीय," असं सांगून त्याने तो स्वतः दारावर टांगला. आमच्याकडे तुमार मुलाच्या गळ्यात असतो, घोड्याच्या आयाळीत असतो. चामडं झिजून जातं, पण आत काय आहे ते कुणी बघत नाही. याने नेमकं तेच हेरलं होतं. माझ्याही दारावर एक होता. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. माझा विश्वास नव्हता, पण शेजारपाजाऱ्यांशी वाईटपणा कोण घेणार, म्हणून गप्प बसले.

बात्माला मात्र गप्प बसण्याची चैन परवडणारी नव्हती. तिचा नवरा असानकुल सव्वीस वर्षं कोळशाच्या खाणीत होता. आता ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकात घालून झोपतो. आमची सरकारी वीज हिवाळ्यात तासन्‌तास जाते. सुरुवातीला सोलरच्या बॅटरीवर मशीन रात्रभर चालायचं. नोव्हेंबरपासून ते तासभरही टिकेना. बंद पडलं की असानकुलचे ओठ निळे पडत आणि बात्मा दवाखान्यासाठी गाडी मागायला दारोदार पळे.

तिने तोलोमुशला बोलावलं. नोव्हेंबरात, जानेवारीत, फेब्रुवारीत आणि आज मार्चअखेरीस. दर वेळी तेच. खटका खाली, पेटीवर पांढरं लोकरी नमद्याचं पांघरूण, "सगळे आत चला, पेटीला एकांत हवा." मग आत चहा, दीड-दोन तासांनी फुंकर, मग मेंढी. आणि निघताना, "तीन दिवस मशीन लावू नका हं, ताई. ती अजून नाजूक आहे." चौथ्या दिवशी बॅटरी मेलेली आणि हा घाटापलीकडे.

आजही पाहुण्याच्या मानाची मेंढीची मुंडी खायला तो आत गेला आणि माझं डोकं फिरलं.

"बात्मा, मशीन लाव."

"अगं, तीन दिवस नको म्हणालेत ना ते!"

"श्वास तीन दिवस थांबणार आहे का?"

तिने लावलं. सहा मिनिटांत मशीन घरघरलं आणि दिव्यासकट विझलं. लोक माझ्यावरच उखडले. "झालं समाधान, मुअल्लिमबाई? घालवलंत सगळं!"

"थांबा जरा." मी खटका खाली केला आणि पेटीवर नमदा टाकला. आत तोलोमुश हाडं चोखत होता. त्याचं खाणं चांगलं तासभर चाललं. मग मी पेटीसमोर बसले, खणखणीत आवाजात सातचा पाढा म्हटला, फूऽऽ केलं आणि खटका वर केला.

दिवा लागला. म्हातारीने सवयीने "ओमिन" म्हटलं आणि तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

"थकलेली बॅटरी आहे ही," मी म्हणाले. "भार काढून पडू दिली की थोडा जीव धरते. दिव्यापुरता. टॉर्चचे जुने सेल नाही का काढून ठेवले की पुन्हा दोन मिनिटं पेटतात? काम फुंकर करत नाही, तासाभराचा आराम करतो. बात्मा, तुमार उघड."

"आणि यांचं काही बरंवाईट झालं तर?" ती रडवेली झाली. "तू भरून देशील?"

दाराशी खुर्चीत बसलेला असानकुल दम घेत घेत म्हणाला, "खाणीत... रोज गळ्यात तुमार होता. धूळ गेलीच ना आत? काप."

तोलोमुश तेलकट हातांनी धावत आला. "उघडू नका! पाप लागेल!"

बात्माने मेंढ्या कातरायची कात्री घातली. आतून आठ घड्या घातलेला, छापील, शिक्क्याचा, अगदी खराखुरा कागद निघाला. मी रशियन मजकूर मोठ्याने वाचून आमच्या भाषेत सांगितला. पंचवीस वर्षांची हमी होती, पण ती छपरावरच्या पॅनेलची. इन्व्हर्टरची पाच वर्षं. बॅटरीची दोन. त्या मुदतीत पेटीवरचा क्रमांक लिहून लेखी तक्रार केली, तर नवी बॅटरी फुकट, ती आणून बसवण्याचा खर्च विक्रेत्याचा, म्हणजे तोलोमुशचा.

खरेदीची तारीख होती दोन वर्षांपूर्वीची, बारा मार्च. आज एकोणतीस.

"मी नोव्हेंबरात बोलावलं होतं तुम्हाला," बात्मा हळूच म्हणाली. "चार महिने हातात होते."

"मी फसवलं कुठे?" तोलोमुशने हात पुसले. "कागद दिला नव्हता का? वाचायचा होतात!"

सगळ्यात जास्त हेच झोंबलं, कारण ते खरं होतं.

त्या संध्याकाळी गावभर कात्र्या चालल्या. उशिरा पॅनेल घेतलेल्या नऊ घरांची मुदत शिल्लक होती, त्यांना नव्या बॅटऱ्या मिळाल्या. बात्माच्या अर्जाला कंपनीचं दोन ओळींचं उत्तर आलं: मुदत संपली आहे. तोलोमुश पुन्हा फिरकला नाही. दुसऱ्या कुठल्यातरी खोऱ्यात तो फुंकर मारतो, असं ऐकते.

असानकुल पुढच्या जानेवारीत गेला, वीज नसलेल्या एका पहाटे. मातीहून परतल्यावर बात्माने छपराकडे बघत विचारलं, "ते वरचं चालू आहे का गं अजून?"

"चालू आहे," मी म्हणाले. "त्याची हमी अजून बावीस वर्षं आहे."



म्हणून सांगते. हमी म्हणजे आशीर्वाद नव्हे. ती कशाची आहे, किती दिवसांची आहे, तक्रार कुठे करायची, एवढं घेतल्या दिवशी वाचा. भाषा कळली नाही तर कळणाऱ्याला विचारा. जो कागद वाचू नका म्हणतो, त्याचा आधी वाचा. आणि माझ्यासारखं कळत असून गप्प बसू नका. तो तुमार कापायला बात्माला एक मिनिटही लागलं नाही. तोंड उघडायला मला दोन वर्षं आणि सतरा दिवस लागले.