सनईची उष्टी पत्ती

मी एक जुनी सनई आहे. लातूरला अंबिकाताईच्या मेसमध्ये, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली. मित्रांनो, डॉक्टर व्हायला आलेली तुम्ही मुलं रोज माझ्याखाली बसून वरण-भात खाता, जेवतानाही पुस्तकात डोकं घालता आणि मान वर करून माझ्याकडे बघत नाही. मला याचा राग येतो. एके काळी माझ्यावाचून आमच्या गावात लग्न लागत नसे.

माझं अंग शिसवी लाकडाचं, खालचं तोंड पितळेचं. वर ताडाच्या पानाची छोटी पत्ती बसवतात. ती वाजवणाऱ्याच्या लाळेनं भिजली तरच मी बोलते. माझे धनी गुंडप्पा, म्हणजे अंबिकाताईचे वडील, ती पत्ती दुसऱ्या कुणाला तोंडात धरू देत नसत. "सनईला उष्टी पत्ती चालत न्हाई," म्हणायचे.

त्र्याण्णव साली अनंत चतुर्दशीला मी गणपतीच्या मिरवणुकीत खूप वाजले. घरी आल्यावर गुंडप्पांची बायको नागाबाई म्हणाली, "माझी जात्यावरची ओवी तेवढी वाजवा की." गुंडप्पा दमले होते. "उद्या वाजवतो," म्हणाले. ते आणि लहानगी अंबिका अंगणात झोपले. माझी पिशवी अंगणातल्या लिंबाला लटकत होती. नागाबाई आत झोपली. पहाटे भूकंप झाला आणि दगडामातीचं सगळं घर तिच्यावर बसलं.

तेव्हापासून दर चतुर्दशीला गुंडप्पा मला घेऊन जुन्या गावात जात. गाव दुसरीकडे वसलं, तिथं आता बाभळी आणि दगड आहेत. घराच्या जागी बसून ते ती ओवी वाजवत. ऐकायला माणूस नसे. पण मित्रांनो, खरं सांगते, मला तिथं भीती वाटते. सूर बाहेर गेला की जमिनीखालून जात्याची घरघर माझ्या पोटात येते. गुंडप्पांना ती ऐकू येत असावी, कारण ते वाजवणं थांबवून कान देत.

पुढे त्यांच्या घशात डावीकडे टोचू लागलं, मानेला गाठ आली. "वाजवून घसा धरलाय, उद्या दाखवू," असं करता करता पुष्कळ महिने गेले. शेवटी अंबिकाताईनं त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. टॉन्सिलचा कॅन्सर निघाला. किरणांचा शेक द्यायचा ठरला.

डॉक्टरीणबाईंपुढे मी गुंडप्पांच्या मांडीवर होते. ते म्हणाले, "शेक एकाच बाजूला द्या. दोन्हीकडं दिला की लाळ आटती म्हणतेत. मग पत्ती कशानं भिजवू?"

"गाठ लहान आणि टॉन्सिलपुरतीच असती तर एकाच बाजूला दिला असता, बाबा," बाई म्हणाल्या. "उजवीकडच्या लाळेच्या ग्रंथी वाचल्या असत्या. पण गाठ जिभेच्या मुळाकडे, पार मध्यापर्यंत सरकली आहे. उजव्या मानेतही रोग उतरला असू शकतो. ती बाजू सोडणं धोक्याचं आहे."

"असू द्या. अर्धी लाळ ठेवा. नागीला उद्या म्हणलोय मी."

तेव्हा अंबिकाताई बोलली, "आई थांबंल, आप्पा. तिला घाई न्हाई. मला तुम्ही पायजे."

गुंडप्पांनी मला घट्ट धरलं. मग म्हणाले, "द्या दोन्हीकडं."

रोज त्यांच्या चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून तो टेबलाला आवळत. पहिल्या दिवशी बाहेर येताच त्यांनी लेकीचा हात धरला. "डोकं हलवता येत न्हाई गं अंबू. तुझी आई अशीच असंल आत." अंबिकाताईनं त्यांचा हात सोडला नाही. पण उपचारही सोडू दिले नाहीत.

गाठ गेली. तिच्याबरोबर लाळही गेली. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरेना. मला वाटलं, संपलं आपलं.

तरी पुढच्या चतुर्दशीला ते मला घेऊन गेले. अंबिकाताईही होती. त्यांनी पत्ती पाण्यात भिजवली, ओठांना लावली. नुसता वारा निघाला. पुन्हा लावली. कोरडी जीभ पत्तीला चिकटली आणि त्यांचे डोळे भरून आले. खालून जात्याची घरघर येतच होती.

अंबिकाताईनं त्यांच्या हातून पत्ती घेतली आणि सरळ आपल्या तोंडात धरली.

"अगं, उष्टी हुईल!"

तिनं पत्ती भिजेपर्यंत धरून ठेवली, मग बाहेर काढून म्हणाली, "तुमचं उष्टं खाऊनच वाढले की मी. घ्या, वाजवा."

आणि मी बोलले. आवाज खरखरीत होता, पण ओवी तीच होती. घरघर थांबली. निम्म्यावर गुंडप्पांचा दम संपला. मला खाली ठेवून ते दगडांकडे बघत म्हणाले, "नागे, उरलेली पुढच्या साली." अंबिकाताई पदरात तोंड घालून रडली. रडता रडता हसलीही, कारण आप्पा पुढच्या सालाचं बोलत होते.

मित्रांनो, तुम्हीही फोनवर घरी "सगळं बरं आहे" म्हणता, ते मी रोज ऐकते. कुठं दुखत असेल, मन घाबरत असेल, तर उद्या सांगू म्हणू नका. ताट ठेवायला जाल तेव्हा ताईला सांगा. आणि चतुर्दशी जवळ आली की मला खाली काढून पुसा. गुंडप्पांना उरलेली ओवी वाजवायची आहे, आणि पत्ती ओली करायला ताई आहे.