पारुबाईची फणी

नेमसिंगच्या हाताला गुण आहे, असं पुसेगावच्या अलीकडचा सारा तांडा मानायचा. बैलाचं पोट फुगो की म्हशीची कास सुजो, आधी नेमसिंगला हाक. वाडवडलांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, ती विद्या रक्तातच उतरली म्हणा ना! पण मांजराला म्हाताऱ्यानं उभ्या जन्मात हात लावला नव्हता. ते त्याच्या बायकोचं, पारुबाईचं खातं.

पारुबाई पोळ्यानंतर गेली आणि मागं तिचं भुरं पिल्लू राहिलं. त्याच्या आईला कुत्र्यांनी मारलं तेव्हा त्याचे डोळेसुद्धा उघडले नव्हते. पारुबाईनं कापसाच्या वातीनं दूध पाजून त्याला जगवलं. दुपारची भांडी झाली की ती ओसरीवर पाय पसरायची, त्याला मांडीवर घ्यायची आणि आपल्याच लाकडी फणीनं त्याच्या पिसवा काढायची.

"काहून वं, मांजराची अन् तुझी एकच फणी?" नेमसिंग चिडवायचा.

"बैलाच्या अंगावरचा हात तसाच भाकरीला लावता, ते चालते व्हय तुमाला?" फणी न थांबवता पारुबाई म्हणायची.

ती गेल्यावर पिल्लाकडं बघणार कोण? लेक कळमनुरीला नोकरीवर, सून दिपा सोयाबीनच्या सोंगणीत. पिल्लू खाजवून खाजवून रोडावलं, कानामागचे केस गेले. निजायला मात्र नेमसिंगच्या खाटेवरच यायचं, पारुबाई निजायची त्या बाजूला. म्हाताऱ्याचा जीव तुटायचा. तिनं लेकरासारखं वाढवलेलं एवढंसं जित्राब, तेही आपल्या देखत जातं की काय, ही धास्ती त्याला खायला उठली.

मग त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं. गोठ्यातून बैलांच्या गोचिडाचं औषध काढलं. जीव लहान म्हणून पाण्यात पातळ केलं, फडकं बुडवलं आणि पिल्लाला शेपटीपर्यंत पुसून काढलं. "आता बघ, एक पिसू राहणार न्हाई," असं त्याला सांगितलंही. अहो, बैल औषध लावून उन्हात वाळतो, मांजर स्वतःला चाटून वाळवतं! हयात जनावरांत घालवलेल्या माणसाला एवढं सुचू नये, काय म्हणावं!

उन्हं कलायच्या आत पिल्लाच्या तोंडाला फेस आला. पाय लटपटले, अंग थडथड उडायला लागलं. दिपा वावरातून येत होती. तिला पाहून म्हातारा ओरडला, "सूनबाई, म्या माझ्या हातानं मारलं वं तिचं लेकरू!"

दिपानं विळा टाकला आणि सेनगावच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर तिकडून कडाडला, "मांजराला बैलाचं औषध? आधी साबण लावून कोमट पाण्यानं धुवा. ऊब द्या आणि लगेच घेऊन या."

दिपा पाणी ओतत होती, नेमसिंग धूत होता. पुसायला काही सापडेना, तेव्हा त्यानं डोक्याचा पटका सोडला आणि पिल्लाला त्यात गुंडाळलं. तांड्यात कुणी त्याला बोडक्या डोक्यानं पाहिलं नव्हतं. तसाच तो सेनगावच्या जीपमध्ये बसला.

डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, बराच वेळ बसवून घेतलं. अंगाचं उडणं थांबलं तेव्हा म्हणाला, "वाचेल. पण बाबा, आता कसलंही औषध लावू नका. पिसवा रोज बारीक फणीनं काढायच्या."

पिल्लू दूध प्यायला लागलं. दिपानं दुकानातून प्लास्टिकची फणी आणली, तर ते ओरबाडून खाटेखाली पळालं. पुन्हा पुन्हा तेच. पिसवा तर वाढतच होत्या.

"बापू, त्याला आत्याबाईचीच फणी पाहिजे," दिपा म्हणाली.

"ती गेली तिच्या कपड्यांच्या गाठोड्यासंगं. मेल्या माणसाची फणी घरात ठेवत्यात व्हय?"

"न्हाई गेली. तुमच्या उशीखाली हाय. म्या कवाच पाहिली."

म्हाताऱ्यानं उशीखालून फणी काढली. दातांत पारुबाईचे केस अडकले होते, पांढरे, टोकाला मेंदीचे तांबूस. त्यासाठीच तर त्यानं गाठोड्यातून ती लपवून काढली होती. तिच्या अंगाचं तेवढंच उरलं होतं त्याच्यापाशी.

"मी काढू का केस?" दिपानं हळूच विचारलं.

"नको. मीच काढतो."

एकेक केस सोडवताना त्याच्या डोळ्यांना धार लागली. केस बोटाला गुंडाळले. आता हे ठेवायचे कुठं? बायका विंचरून निघालेलं आपलं गुंतवळ भिंतीच्या फटीत खोचतात, पारुबाईही ओसरीच्या फटीत खोचायची. त्यानं तिथं बोट घातलं तर आत आधीचं गुंतवळ होतं. उजेडात धरलं. तिच्या पांढऱ्या केसांत पिल्लाचे भुरे केस असे गुंतले होते की वेगळे करता येऊ नयेत.

दोन्ही गुंतवळं त्यानं परत फटीत ठेवली. मग तिच्यासारखेच पाय पसरून ओसरीवर बसला. फणी दिसताच पिल्लू खाटेखालून आलं, तिच्या जागी त्याच्या मांडीवर चढलं आणि मान पुढं केली.

"हळू काढतो," नेमसिंग म्हणाला, "दुखलं तर सांग."