दारातला दगडी कोल्हा

मी एक जुना दगडी कोल्हा आहे. भाताचा देव इनारी, त्याच्या दारातला राखणदार. कंबर दुखते म्हणालो तर हसाल, पण मित्रांनो, एकशे ऐंशी वर्षं एकाच पायरीवर बसून बघा.

दुष्काळातून वाचलेल्या लोकांनी पहिलं पीक हाती येताच मला घडवून घेतलं. तोंडात भाताची लोंबी दिली. पेरणीला, कापणीला इथे रीघ लागायची. तळलेला टोफू माझ्यापुढे ठेवत आणि मांजरं खात. पुढे शेतं ओस पडली, तरुण मंडळी ओसाकाला गेली. उरली फुसाएआजी. ती दरवर्षी माझ्या गळ्यात नवं लाल फडकं बांधते.

गेल्या वर्षी नोव्हेंबर संपता संपता गावप्रमुख कुराहाशी शहरातल्या पुजाऱ्याला घेऊन आला. देवाला तिकडच्या मोठ्या देवळात हलवायचं होतं.

"आत्ता नको रे," आजी म्हणाली. "दहाव्या महिन्यात सगळे देव इझुमोला सभेला जातात. देव घरी नाही."

"काकू, ऑक्टोबर संपला की."

"तुझ्या भिंतीवरचा संपला. देव जुन्या पंचांगानं चालतो. अजून सोळा दिवस आहेत."

"मग फोन लावून विचारू का त्याला? गाडी दोनपर्यंतच मिळालीय."

पुजाऱ्याने घड्याळ पाहिलं. देव ज्यात वास करतो तो गाभाऱ्यातला आरसा पांढऱ्या कापडात गुंडाळून नेला. दाराच्या पलीकडच्या बाजूचा दुसरा दगडी कोल्हा, माझा जोडीदार, त्यालाही नेलं. माझा पाय मोडका, म्हणून मला ठेवलं. आरसा रिकामा होता, हे मला ठाऊक होतं. फार वाईट वाटलं. देव परत येणार तो कुठे?

सोळाव्या दिवशी दुपारी आजी काठी टेकत आली. रिकाम्या देवळाकडे पाहून तिने माझ्या पायाशी टोफू ठेवला, पायरीवर बसली आणि दरवर्षीसारखं म्हणाली, "आलास का? दमला असशील. घर नेलं रे तुझं, पण आम्ही दोघं आहोत."

देव आला होता. तो तिच्या शेजारी बसला. आजी आपसूक जराशी सरकली.

मित्रांनो, आजी आता सत्त्याऐंशीची झाली. यंदाही देव जाईल आणि थकून परत येईल. त्या दिवशी कुणीतरी इथे येऊन बसा. मी आहेच दारात, पण मी पडलो दगड. मला "आलास का?" विचारता येत नाही.