कशावरून?

“कशावरून?”

तिसरीतली ती वेणीवाली पोर भर सभेत हात वर करून विचारत होती. संस्थेचे अध्यक्ष नुकतेच व्यासपीठावरून म्हणाले होते, “ही शाळा माझ्या आजोबांनी स्वतःच्या हातांनी बांधली.”

“माझी आजी म्हणते, विटा ती वाहायची. पणजोबा गवंडी होते. तुमचे आजोबा झाडाखाली खुर्चीवर बसायचे.”

मागचे पालक फिसकन हसले. मुख्याध्यापकांनी मात्र माझ्याकडे बघून डोळे वटारले.

मी इतिहास शिकवते. माझ्या वर्गाची शिस्त एवढीच: कोणी काही सांगितलं की ‘कशावरून?’ विचारायचं, अगदी मलासुद्धा, आणि उत्तर मिळेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. मग घरच्या म्हाताऱ्यांना विचारून यायचं, सांगणाऱ्याचं आणि त्यांचं जुळतं का बघायचं. एवढ्याशा पोरांकडून सनावळ्या घोकून घेण्यापेक्षा हे बरं. शिक्षकांच्या खोलीत यावर हशा पिकतो. गणिताचे सर म्हणतात, “बाईंचा तास म्हणजे गप्पांचा फड.” हे गृहस्थ वर्षानुवर्षं तीच गणितं त्याच फळ्यावर उतरवतात आणि त्याला शिकवणं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. अध्यक्षांचं नुसतं नाव घेतानाही हे खुर्चीतून अर्धे उठतात.

“बाई, इतिहास काय, मोठेपणी वाचतीलच की पोरं. आजपासून त्या तासाला सुलेखन घ्या.”

“मोठेपणी उशीर होतो, सर. तोवर मान डोलवायची सवय लागते.”

टोमणा त्यांच्या डोक्यावरून गेला. फळ्यावरचं वाक्यही त्यांनी स्वतःच वर्गात येऊन लिहिलं: ‘ही शाळा अध्यक्षांच्या आजोबांनी बांधली.’ सुलेखनाचा धडा, आणि अक्षर कोंबडीचे पाय.

वर्ग माना खाली घालून लिहू लागला. संतापाने माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं शिकवलेलं एका ओळीने पुसलं होतं. वेणीवालीने मात्र पेन्सिल खाली ठेवली आणि हात वर केला.

“सर, कशावरून?”

“हात खाली!” मुख्याध्यापक खेकसले.

तिने माझ्याकडे पाहिलं.

“उत्तर मिळालं का?” मी विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली.

मुख्याध्यापक “बघून घेतो तुम्हाला” म्हणत तरातरा निघून गेले. तास संपेपर्यंत तो हात वरच होता. दुखायला लागला, तेव्हा तिने दुसऱ्या हाताने तो कोपराशी धरून ठेवला.