उजवीकडच्याचं ताट

आमच्या घराण्यात हॉटेलात जेवायचा एक नियम आहे. स्वतःसाठी कुणी काही मागवायचं नाही. आपल्या उजवीकडे जो बसलाय, त्याच्यासाठी आपण मागवायचं आणि आपल्यापुढे जे येईल ते मुकाट्याने संपवायचं. हा नियम आमच्या ह्यांचा. मुलं लहान असताना दोघं मेन्यूकार्डावरून इतकी भांडायची, की वेटर येऊन येऊन कंटाळायचा. शेवटी हे म्हणाले, "शेजारच्याला काय आवडतं ते ओळखा, म्हणजे भांडण मिटलं." हे गेले, पण नियम राहिला.

हॉटेलही तेच. रविवारी दुपारी बाहेर बाकांवर माणसं ताटकळत बसलेली, आतून फोडणीचा वास, आणि मालक दारात उभा राहून खड्या आवाजात पुकारतोय, "पाच माणसं! चला, पाच माणसं!"

त्या रविवारचे पाच म्हणजे मी, माझा थोरला, सूनबाई, माझी लेक चिमी आणि चष्मेवाले. चष्मेवाल्यांचं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून आम्ही घरात त्यांना तसंच म्हणायचो. चिमीला त्यांच्याशी लग्न करायचं होतं. तिचं पहिलं लग्न मोडलेलं. पहिला नवरा बोलायला साखर होता. प्रत्येक गोष्टीला "हो, चालेल की" म्हणायचा आणि तसंच गोड बोलत एक दिवस निघून गेला. तेव्हा थोरल्यानेच तिला सामानासकट घरी आणलं होतं. त्यामुळे चिमीने मला बजावलं होतं, "आई, दादा मनापासून हो म्हणाला तरच. नाहीतर नको."

आणि दादाचं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. गाडीत तो मला म्हणाला, "आई, हाही फार गोड आहे गं. परवा घरी आला तर चहा चालेल, पाणी चालेल, पंखा बंद केला तरी चालेल. मला धडकी भरते अशा माणसांची."

टेबल गोल होतं. थोरल्याच्या उजवीकडे चष्मेवाले आले, त्यांच्यापलीकडे चिमी, मग सूनबाई, मग मी. वेटर वही घेऊन आला. सूनबाईने नेहमीप्रमाणे माझ्यासाठी पनीर सांगितलं. मी थोरल्यासाठी वांगं. चष्मेवाल्यांनी चिमीसाठी भेंडी, तीही तिला आवडते तशी कोरडी, हे माझ्या लक्षात आलं. थोरल्याने मेन्यूकार्ड मिटलं आणि म्हणाला, "यांना कारलं."

"अहो!" सूनबाई म्हणाली.

"काय अहो? तब्येतीला चांगलं असतं."

आमच्यात आजवर कुणी कुणासाठी कारलं मागवलं नव्हतं. चिमीने दादाकडे असं पाहिलं, की लहान असती तर चावली असती.

ताटं आली. चष्मेवाल्यांनी रोटीचा तुकडा मोडला, कारल्याचा घास घेतला, शांतपणे चावला, गिळला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मग त्यांनी वाटी हळूच पुढे सरकवली.

"मला नाही आवडलं," ते म्हणाले. "कारलं मी खात नाही."

"नियम आहे आमच्याकडे," थोरला म्हणाला.

"माहीत आहे. चिमीने बाहेर बसल्या बसल्या सांगितला. नियम छान आहे, पण कारलं मी खाणार नाही."

आवाज चढलेला नव्हता. रागही नव्हता. मी माझ्या पनीरकडे पाहिलं. कुठून बळ आलं कोण जाणे.

"मलाही पनीर आवडत नाही," मी म्हणाले.

"आई!" सूनबाईच्या हातातला चमचा खाली पडला. "इतकी वर्षं? अहो, दर वेळी वाटी चाटूनपुसून साफ करता तुम्ही!"

"मग काय करू? तू इतक्या मायेने मागवतेस. रबर चावल्यासारखं वाटतं गं मला."

सूनबाईला आधी रडू येणार होतं, पण मधेच हसूच फुटलं. चिमी तर टेबलावर डोकं टेकून हसत होती. थोरला मात्र चष्मेवाल्यांकडे टक लावून बघत होता.

"चिमे," तो म्हणाला, "हे एरवीही असंच तोंडावर सांगतात?"

"रोज! नव्या घराच्या पडद्यांच्या रंगावरून आठवडाभर भांडतोय आम्ही. यांना निळा नकोच आहे."

"निळ्याने खोली अंधारी होते," चष्मेवाले म्हणाले.

"होते ना? मीही हिला तेच सांगत असतो!" थोरला सूनबाईकडे बोट दाखवत म्हणाला, आणि मग त्यालाच हसू आलं. त्याने कारल्याची वाटी उचलून स्वतःपुढे घेतली. "कधी करायचं म्हणता लग्न?"

चिमीने चष्मेवाल्यांच्या पुढून हात घालून दादाचा दंड घट्ट धरला.

"पुढच्या महिन्यात," चष्मेवाले म्हणाले.

"छे, पुढच्या महिन्यात मला सुट्टी नाही. त्यानंतर करू."

"त्यानंतर मला जमणार नाही. दुकानात गर्दी असते."

"अहो, बहीण माझी आहे!"

"लग्न माझं आहे."

दोघे तावातावाने वाद घालू लागले. मी वेटरला हाक मारली आणि जन्मात पहिल्यांदा त्या हॉटेलात माझ्यासाठी माझ्या तोंडाने डाळभात मागवला.