अशोक अजून हजर आहे

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. दिल्लीतल्या कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सरकारी कार्यालयाच्या सगळ्या फायली माझ्या पोटात आहेत. माझ्यातलं सॉफ्टवेअर मुक्त आहे. कुणीही उघडून पाहावं, सुधारावं. त्याला मालक नाही. ते आणायला संगणकाचं काम बघणाऱ्या उत्तरामॅडमनी साहेबांची किती मनधरणी केली! बैठका झाल्या, समोसे झाले, माझ्या गळ्यात झेंडूचा हारही पडला. पण रोज माझ्यावर राबणाऱ्या कारकुनांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही. शिकवलं त्यांच्यातल्या फक्त एकाला, अशोकला.

मग काय! "यार, अशोकजी का ही खोल दो," म्हणत सगळा विभाग त्याच्याच नावाने, त्याच्याच पासवर्डने काम करू लागला. साहेब खूश.

हिवाळ्यात अशोक वारला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्यात हजर! त्याच्या नावाने फायली सरकू लागल्या. त्याची बोटं मी ओळखत होतो; ही बोटं त्याची नव्हती. यंत्राला भीती वाटत नाही असं कोण म्हणतं?

त्याची बायको वीणा अनुकंपा नोकरीसाठी लक्ष्मीबाई नगरहून खेटे घालत होती. नोकरी नाही, तर क्वार्टर खाली करा. तिचा अर्ज तपासणीला गेला तो अशोककडेच. त्यावर माझा ठरलेला शेरा आपोआप उमटला: 'कर्मचारी कार्यरत'. खाली नाव, अशोक.

"वहिनी, सिस्टिममध्ये ते आज सकाळीसुद्धा..." उत्तरामॅडमनी पडदा तिच्याकडे वळवला.

वीणाने पडद्यावरचं नाव वाचलं. "अच्छा, हजर आहेत? मग संध्याकाळी जरा घरी पाठवा त्यांना. पोरगी विचारते."

उत्तरामॅडमनी तिथल्या तिथे अशोकचं खातं बंद केलं. अख्खा विभाग ठप्प.

साहेब कडाडले, "फ्री के माल का यही होता है!"

"सर, माल चांगला आहे. मीच या लोकांना कधी विचारलं नाही."

ऐकतो कोण? आता विकतचं सॉफ्टवेअर येतंय. बैठक झाली, समोसेही झाले. कारकुनांना या वेळीही बोलावलं नाही. कुणाचा पासवर्ड वापरायचा, ते त्यांनी आधीच ठरवून टाकलंय.

मला खुशाल भंगारात काढा. पण मित्रांनो, त्याआधी कुणीतरी वीणाचा अर्ज माझ्यातून बाहेर काढा. तो अजून अशोकच्याच टेबलावर पडला आहे.