तूर्त भरतीचा विचार नाही

"बाबा, त्या बायकांना तुम्ही काय लिहिलंत?" लेकीनं चपला काढायच्या आधीच तोफ डागली.

"कोणत्या बायकांना?" जावकरावांनी विचारलं.

"'तुमच्या परिसरातल्या एकाकी स्त्रिया तुमची वाट पाहत आहेत'! ती जाहिरात! अख्ख्या ऑफिसनं वाचलं तिच्याखालचं तुमचं उत्तर. आणि तुमच्या खात्यावरच्या फोटोत शेजारी मी उभी!"

उत्तरात खरं तर गैर काहीच नव्हतं. 'महोदय, संदेश पावला. मला येणे जमणार नाही. कृपया त्यांना ताटकळत ठेवू नये. उजेडाचे घरी पाठवावे.'

बत्तीस वर्षं एका कचेरीत जावक टपाल सांभाळल्यामुळे त्यांचं नावच जावकराव पडलं होतं. आलेल्या प्रत्येक कागदाला उत्तर गेलंच पाहिजे, असा तिथला नियम. बाकीच्यांनी तो भिंतीवर लावला होता, यांनी अंगी बाणवला. निवृत्तीनंतर टपाल आटलं, बायको गेल्यावर तर घरातलं बोलणंही. मग लेकीनं हातात फोन दिला आणि विचारपूस करणाऱ्यांची रीघच लागली! गादीवाले पाठीची चौकशी करत, चष्मेवाले डोळ्यांची. सख्ख्या भावानं इतकं कधी विचारलं नव्हतं. केसांच्या तेलवाल्यांना त्यांनी कळवलं, 'डोक्यावर जागा रिकामी आहे, परंतु तूर्त भरतीचा विचार नाही.' त्याच जाहिरातीखाली बाकीचे लोक कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

"तुम्ही उत्तर दिलं की ते आणखी चार जाहिराती धाडतात," लेक म्हणाली. "खातंच बंद करून टाकते."

जावकरावांनी फोन पाठीमागे धरला. "खातं नको गं. मग मला विचारणार कोण?"

शेवटी तह ठरला. खातं राहील, जाहिराती जातील. तिनं पहिलीच जाहिरात लपवायला घेतली, तर फोननं कारण विचारलं. असंबद्ध? आक्षेपार्ह? वारंवार येते?

"यातलं एकही नाही," जावकराव म्हणाले. "आणि थांब. न सांगता तोंडावर दार लावायचं नाही. एकेक ओळ लिहितो."

"अहो, पलीकडे माणूसच नाही! यंत्र आहे. कुणी वाचत नाही."

"आमचे साहेब तरी कुठे वाचायचे? म्हणून मी लिहायचा थांबलो का?"

लेकीनं फोन त्यांच्या हाती दिला. गादीवाले, चष्मेवाले, तेलवाले, सगळ्यांना निरोप गेला. 'यापुढे पत्रव्यवहार बंद. आपली भरभराट होवो.' एकाकी स्त्रियांपाशी मात्र त्यांचं बोट अडखळलं.

"यांना तू लिही. माझ्याकडून बरं दिसत नाही."

सगळं आटोपलं. लेक चहा करायला आत गेली. जावकराव फोनसमोर ताठ बसून राहिले. फोन गप्प होता. इतका गप्प की त्यांनी तो एकदा हलवूनही पाहिला.

मग टिंग वाजलं. लेकीचा मेसेज होता. 'चहात साखर किती घालू?'

स्वयंपाकघर चार पावलांवर होतं. नुसतं हूं म्हटलं असतं तरी ऐकू गेलं असतं. जावकरावांनी चष्मा पुसला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि लिहायला घेतलं.

आत गॅस बारीक केल्याचा आवाज आला.